स्तोत्र ९१ आणि स्तोत्र ८८

मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर 'प्रभूवर भरवसा ठेव' हेच उत्तर द्यावे लागेल. दहावीच्या निकालाआधी ते ऐकू येते, मुलीचे लग्न जमत नसेल तेव्हा ऐकू येते, कारखान्यात कामगार कमी करणार अशी कुणकुण लागली की ऐकू येते, आणि दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर तर येणारा प्रत्येक नातेवाईक ते म्हणूनच खाली बसतो. म्हणणाऱ्याचे मन चांगले असते, याबद्दल शंका नाही. मात्र या वाक्याला बहुतेक वेळा एक न बोललेला उत्तरार्ध असतो, आणि तो म्हणजे, सगळे आपल्या मनासारखे होईल. देवावरचा भरवसा आणि निकालाबद्दलची खात्री यांची आपण अशी गाठ मारून ठेवतो की, निकाल उलटा लागला म्हणजे एक तर आपला विश्वास तोकडा ठरतो, नाही तर देव तरी खोटा ठरतो. ही गाठ सोडवता येते का, आणि सोडवल्यावर देवाशी असलेल्या नात्याचे काय होते, हा प्रश्न गेली बरीच वर्षे माझ्यासोबत आहे.

आमच्याकडच्या कित्येक घरांत बाहेरच्या खोलीत बायबलातले एक्क्याण्णवावे स्तोत्र चौकटीत लावलेले असते. परात्पराच्या आश्रयाला राहणाऱ्या माणसाला पारध्याचा पाश, रात्रीचे भय, दिवसा सुटणारा बाण आणि काळोखात फिरणारी मरी यांपैकी काहीही बाधणार नाही, त्याच्या बाजूला हजार जण पडले तरी संकट त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, असे ते स्तोत्र सांगते. मुलगा शिकायला परगावी निघाला की त्याला ते वाचून दाखवतात, नवी गाडी घेतली की तिच्यासमोर उभे राहून वाचतात, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर ते दिवसातून किती वेळा येई याला मोजदाद नव्हती. त्याच गटावर, त्याच आठवड्यांत, मृत्यूच्या बातम्याही येत होत्या. वर स्तोत्र, खाली मातीची वेळ. हे दोन निरोप एकाखाली एक वाचताना मनाची जी ओढाताण होई, तिच्याबद्दल त्या गटावर कोणी अवाक्षर काढले नाही, मीही नाही.

शुभवर्तमानात हे स्तोत्र कोणाच्या तोंडी आले आहे, याकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो की, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला धोंडाही लागणार नाही, असे लिहिलेच आहे. लिहिलेले आहे ते याच स्तोत्रात, अकराव्या-बाराव्या वचनांत. आमच्या रविवारच्या शाळेत या प्रसंगाचे नाटुकले होत असे आणि ज्याचा आवाज मोठा त्याला सैतानाचे काम मिळे, त्यामुळे ती वाक्ये मला लहानपणापासून पाठ होती. तरी त्यांचा भरवशाच्या विषयाशी संबंध आहे, हे मला फार उशिरा दिसले. येशू ते स्तोत्र खोटे आहे असे म्हणत नाही. परमेश्वर आपला देव याची परीक्षा पाहू नये, एवढेच मोशेचे वचन तो उत्तरादाखल देतो. म्हणजे पित्यावर ज्याचा पूर्ण भरवसा होता, त्याने तो भरवसा सिद्ध करून दाखवण्याची मागणीच फेटाळून लावली. संरक्षणाचे वचन हातात धरून देवाला अडवणे, हे त्याच्या लेखी भरवशाचे लक्षण नव्हते.

माझा धाकटा भाऊ मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. आजार कळल्यापासून घरात उपास-प्रार्थना सुरू झाल्या, आईने शुक्रवार धरले, आणि पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे त्याला तेल लावून प्रार्थना केली. भाऊ स्वतः डायलिसिसचे चार तास कानात इअरफोन घालून क्रिकेटचे समालोचन ऐकत असे, आणि घरी परतल्यावर कोण किती धावांवर बाद झाला हे आधी सांगे, रक्ततपासणीत क्रिॲटिनिन किती आले ते मागाहून. त्याने देवाकडे काय मागितले, हे मला कधीच कळले नाही. आम्ही काय मागत होतो ते उघड होते, आणि ते आम्हांला मिळाले नाही.

तो गेल्यानंतरच्या आठवड्यात सांत्वनासाठी आलेले एक प्रवचनकार, बायबल मांडीवर ठेवून, अगदी मायेने म्हणाले, "कुठेतरी विश्वासात उणे राहिले असेल, ताई." माझी भावजय पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिने ते ऐकले, तांब्या त्यांच्यापुढे ठेवला, पेला उपडा होता तो सरळ केला आणि ती आत निघून गेली.

मुले, संपत्ती, आरोग्य सारे गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्या काळात एक शब्दही बोलले नाहीत. त्या संपूर्ण पुस्तकात त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची वकिली सुरू केली. देव न्यायी आहे, त्याअर्थी दोष तुझ्यातच असला पाहिजे, हा त्यांच्या लांबलचक भाषणांचा मथितार्थ. ईयोब मात्र देवाशी भांडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाने समोर यावे आणि आपल्यावरचा आरोप सांगावा अशी मागणी करतो. शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला सांगतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे खोटे पडले आणि देवाला जाब विचारणारा खरा ठरला, ही गोष्ट पवित्र शास्त्रात इतक्या ठळकपणे लिहिलेली असताना आपल्या सांत्वनाच्या भेटींवर तिचा काहीच परिणाम होऊ नये, याचे मला नवल वाटते.

आरोग्यसभांविषयीही येथेच बोलून घेते. प्रार्थनेने कोणी बरे होत नाही, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणायला शुभवर्तमानातली निम्मी पाने बाजूला ठेवावी लागतील. पण आपल्या सभांतून साक्ष द्यायला उभा राहतो तो नेहमी बरा झालेला माणूस. जो बरा झाला नाही आणि तरीही पुढच्या रविवारी काठी टेकत उपासनेला आला, त्याच्या हातात माइक दिल्याचे मी पाहिलेले नाही. त्यामुळे ऐकणाऱ्या तरुण मुलांची अशी समजूत होते की भरवसा हा फळ मिळण्याच्या बेतानेच ठेवायचा असतो, आणि ज्यांना फळ मिळत नाही ती माणसे हळूहळू मागच्या खुर्च्यांवर, आणि मग दाराबाहेर जातात. त्यांच्या जाण्याला आपण 'विश्वासात थंड पडले' असे नाव देतो.

भावाच्या मृत्यूनंतर मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता येईनाशी झाली. मग मी आणि भावजयीने संध्याकाळी स्तोत्रे वाचायला सुरुवात केली, पहिल्यापासून क्रमाने, रोज एक, आवडते-नावडते असे काही न निवडता. आमच्या घरी कुटुंब-प्रार्थनेत तोवर ठराविक दहा-बारा स्तोत्रेच फिरत असत: तेविसावे, सत्ताविसावे, एक्क्याण्णवावे, एकशे एकविसावे. क्रमाने वाचू लागल्यावर लक्षात आले की मधला केवढा तरी भाग तक्रारींनी भरलेला आहे. तेरावे स्तोत्र 'कुठवर' असे चार वेळा विचारते. चव्वेचाळिसावे तर देवाला, झोपलास काय, जागा हो, असे म्हणण्यापर्यंत जाते. यांतली बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात आणि स्तुतीने संपतात. अठ्ठ्याऐंशीवे घेत नाही. त्याचा कर्ता हेमान एज्राही म्हणून नोंदला आहे. त्याचा जीव क्लेशांनी भरला आहे, त्याचे सोबती त्याच्यापासून दूर केले गेले आहेत, आणि स्तोत्राचा अखेरचा शब्द अंधार हा आहे. त्यापुढे 'तथापि' नाही, 'तरीही मी तुझे उपकारस्मरण करीन' नाही.

ते स्तोत्र ज्या संध्याकाळी आले, त्या संध्याकाळी भावजयीने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "हे पण बायबलात आहे?" त्यानंतर ती पुष्कळ वेळ बोलत होती. इतके दिवस जे मनात धरून ठेवले होते, ते सगळे.

मला त्या स्तोत्रात आणखी एक गोष्ट दिसली. सबंध स्तोत्रात देव काही बोलत नाही, काही करत नाही. पण हेमान त्याच्याशीच बोलत राहतो. पहिल्याच ओळीत तो त्याला माझ्या उद्धाराच्या देवा, असे म्हणतो, दिवसरात्र हाक मारल्याचे सांगतो, आणि तक्रार करतो तीही देवाविषयी दुसऱ्या कोणाजवळ नव्हे, थेट देवाजवळ. ज्याच्यावर आपला काडीचा भरवसा उरलेला नाही, त्याच्याकडे कोणी रोज गाऱ्हाणे घेऊन जात नाही. एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातला निर्धास्त माणूस आणि अठ्ठ्याऐंशीव्यातला हा बुडालेला माणूस हे दोघेही एकाच संहितेत, एकमेकांपासून दोन-तीन पानांच्या अंतरावर आहेत, आणि संहिता जुळवणाऱ्यांनी दुसऱ्याला वगळले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. भरवशाची व्याख्या या दोघांनाही सामावून घेणारी असायला हवी, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

मग येशूच्या अटकेआधीचा गेथशेमाने बागेतला प्रसंगही वेगळा वाचावा लागतो. येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, मत्तय सांगतो त्याप्रमाणे तीनदा केली, आणि प्याला टळला नाही. प्रवचनांत आपण 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या उत्तरार्धावर इतके झटकन येतो की पूर्वार्धातली याचना ऐकूच येत नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडून निघालेली आरोळी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? पुत्राच्या भरवशात जर नाकारलेल्या प्रार्थनेला आणि या प्रश्नाला जागा होती, तर आमच्या घरातल्या नाकारलेल्या प्रार्थनेवरून विश्वासाचे माप काढणाऱ्यांनी थोडे थांबायला हरकत नव्हती.

हे झाले दुःखातल्या भरवशाविषयी. पण दुःख काही रोज नसते. रोज असते ते काम, हिशोब, आजारी माणसाचे औषध, मुलांची फी. या रोजच्या व्यवहारात देवावर विसंबणे म्हणजे काय, हे मला कोणा धर्मशास्त्र्यापेक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून अधिक कळले. रमाबाईंचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा त्यांच्या धर्मांतराभोवती घुटमळते: का केले, कोणी करवले, योग्य की अयोग्य. या वादात दोन्ही बाजू इतक्या रमतात की त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे ही बाई देवाशी कशी वागली, हे पाहायचे राहूनच जाते.

निकाल उलटा लागणे म्हणजे काय, हे त्यांना कोवळ्या वयातच कळले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि पुराणे सांगत सबंध कुटुंबासह ते तीर्थांमागून तीर्थे फिरले. व्रते, दाने, जप यांत काही कमी ठेवले नव्हते. तरी १८७० च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेले, आणि रमाबाईंनी पुढे त्या उपासमारीचे जे वर्णन लिहिले ते आजही सलग वाचवत नाही. त्यानंतर भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर हजारो मैलांची पायपीट, १८७८ साली कलकत्त्यात मिळालेल्या पंडिता आणि सरस्वती या पदव्या, लग्न, आणि १८८२ साली, मुलगी मनोरमा तान्ही असतानाच, आलेले वैधव्य. श्रीनिवासही तोवर गेला होता. अशी बाई पुढे कोणत्याही देवावर भाबडा विश्वास ठेवील, हे संभवतच नव्हते.

तसा तो ठेवलाही नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो एका हट्टी, अभ्यासू, स्वाभिमानी मनाचा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, मतांगीकार, चर्चचा अधिकार, एकेका मुद्द्यावर त्या अडून बसतात; पुरोहितवर्गाच्या एका जोखडातून सुटले ते दुसरे जोखड मानेवर घ्यायला नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. जेराल्डिनबाईंना ही घमेंड वाटली. मला यात नाते दिसते. ज्याच्याशी आयुष्य काढायचे त्याला बाई नीट पारखून घेत होत्या.

त्याहून मोलाचे मला वाटते ते त्यांनी १९०७ साली दिलेल्या साक्षीत सांगितलेले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. ही आठ वर्षे काही रिकामी नव्हती. अमेरिकेचा दौरा झाला होता, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू होऊन पुढच्याच वर्षी पुण्याला आले होते, सगळ्या देशात नाव झाले होते. आपल्याकडे बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, प्रभुभोजनाला बसता येऊ लागले की माणसाचे देवाशी नाते पुरे झाले असे आपण धरून चालतो, आणि पुढे पन्नास वर्षे त्याची विचारपूस करत नाही. रमाबाईंएवढ्या कीर्तीच्या बाईने, मला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे जगजाहीर लिहावे, याला मी त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठे मानते.

त्यानंतरच्या काळात त्यांनी इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे अनुभव वाचले. म्यूलर कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो मुलांना सांभाळत. आपल्या देशात असे का होऊ नये, असे रमाबाईंना वाटले. पण याच बाईने, अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांपुरती कबूल केलेली मदत १८९८ साली संपणार हे ओळखून, केडगावला पुणे–दौंड लोहमार्गाजवळ आधीच जमीन घेतली होती आणि फळझाडे लावली होती. झाडे लावताना त्यांच्या भरवशात काही कमी आले असे कोणी म्हणेल का? म्यूलर यांच्याकडेही पैन् पैची नोंद असे. प्रार्थना करणारा माणूस वहीखाते नीट ठेवत नाही, पेरणीची चिंता देवावर टाकून ओट्यावर बसतो, हे चित्र आळशी माणसांनी आपल्या सोयीसाठी काढलेले आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपल्या घरातली उपासमार ज्यांना विसरता आली नव्हती, त्यांनी तिकडच्या रस्त्यांवरून मुली आणि तरुण विधवा गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगची धास्ती असल्यामुळे सरकारने इतक्या जणींना शहरात ठेवू दिले नाही, तेव्हा त्यांना केडगावच्या उघड्या माळावर नेऊन झोपड्या आणि तंबू उभारले. तेच मुक्ती सदन. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि संख्या दीड हजारांच्या घरात गेली. दीड हजार माणसांची एका वेळची भाकर म्हणजे किती पीठ, किती सरपण, किती पाणी, याचा एकदा स्वयंपाकघरात उभे राहून विचार करावा. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, माग बसले, घाणा आला, छापखाना आला, अंध मुलींसाठी ब्रेल आले. आणि हे सगळे चालू असताना पहाटे उठून प्रार्थना. त्यांच्या प्रार्थनेने विहिरीचे खोदकाम टळले नाही. उलट प्रार्थनेतून उठल्यावर पुढचे काम समोर उभे असे.

अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर केले, आणि त्याची जुळणी व छपाई मुक्तीतल्या मुलींनी केली. ऐकू येणे तोवर फार कमी झाले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळे सोपवायचे ती चाळिशीतली मुलगी आईआधी गेली, आणि आईने भाषांतराच्या मुद्रितांवर काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. त्या आठ-नऊ महिन्यांत त्या देवाशी काय बोलल्या असतील, हे मला जाणून घ्यायला आवडले असते. हाताखालचे काम त्यांनी सोडले नाही, एवढे मात्र दिसते.

रमाबाई पंडिता होत्या. माझी आजी निरक्षर होती, आणि तिने मला हीच गोष्ट फार थोडक्यात सांगितली होती. आमचे गाव राहुरी तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात गावातली सगळी धडधाकट माणसे, ख्रिस्ती काय आणि मराठा-माळी काय, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. उन्हात बसून हातोडीने दगडाचे तुकडे करायचे, मुकादम मस्टरवर अंगठे घेई, आणि खायला सुकडी हे सरकारी मदतीचे कोरडे खाद्य मिळे. घरी ज्वारी नव्हती; रेशनवर लाल मिलो हे परदेशातून आलेले धान्य येई आणि त्याची भाकरी थापताना चिरफळ्या होत. आजी सुकडी हातात घेण्याआधी डोक्यावर पदर ओढून 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही प्रार्थना सबंध म्हणत असे. शेजारी बसणारी एक बाई एकदा तिला हसून म्हणाली, "भाकर कुठंय गं, सुकडी तर हाय." त्यावर आजी म्हणाली, "त्यानं भाकर म्हणलंय बाई. ज्वारीची का मिलोची, ते कुठं म्हणलंय?" दोघी हसल्या आणि सुकडी खाऊन पुन्हा दगडांकडे वळल्या.

आजी ही गोष्ट विनोद म्हणूनच सांगे, आणि विनोद म्हणूनच ती मला आवडे. पण त्या प्रार्थनेत 'आज' हा शब्द आहे, तो काही उगाच नाही. निर्गमाच्या पुस्तकात मान्ना, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रानात दिलेले अन्न, रोज सकाळी त्या दिवसापुरताच गोळा करायचा असतो, आणि उद्यासाठी म्हणून राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडतात. शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा, अपवाद सोडून. देवाने चाळीस वर्षांचे धान्य एकदम कोठारात भरून दिले असते तर इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे तोंडही वळवले नसते, हे त्यांच्या एकंदर वागण्यावरून मी खात्रीने सांगू शकते. नाते दाट होते ते रोजच्या जाण्यायेण्याने. मोठ्या संकटात मोठा विश्वास दाखवण्याची आपली तयारी असते. मंगळवारी सकाळी, काही विशेष घडत नसताना, दहा मिनिटे त्याच्यापुढे बसण्याचा मात्र कंटाळा येतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत तरी देवाशी ओळख वाढली ती अशा बिनमहत्त्वाच्या सकाळींनीच, जेव्हा सांगण्यासारखे काही नव्हते, ऐकू आले असेही काही नाही, आणि तरी खुर्ची सोडली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले होते. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि नवऱ्याच्या देवाला त्यांनी पाच वर्षे दाराबाहेर उभे केले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो कोणी पटवून दिल्यामुळे नव्हे. आधी सोवळे गळाले, मग हळूहळू बाकीचे. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे होते, आणि त्याचे पुढचे कितीतरी अध्याय या बाईने लिहिले. पाच वर्षे नाही म्हणणारी व्यक्ती अखेरीस त्याच्याच चरित्राच्या ओव्या लिहीत बसते. देवाला घाई नसते, असे माझे मत होण्यास लक्ष्मीबाई बऱ्याच अंशी कारण आहेत, आणि त्याला घाई नसते हे कळल्यावर आपलीही थोडी कमी होते.

आता मी दवाखान्यातल्या बाकड्यावर बसते तेव्हा 'भरवसा ठेव' म्हणत नाही. काय म्हणावे ते सुचत नाही, म्हणून डब्याचे विचारते, रात्री थांबायला कोण आहे ते विचारते, आणि कोणी प्रार्थना करा म्हटले तर जे मागायचे ते स्पष्ट मागते: ताप उतरू दे, गाठ साधी निघू दे, माणूस घरी येऊ दे. मागण्यात संकोच कसला? मूल आईकडे मागतेच. ते मिळेल याची हमी देण्याचा अधिकार मात्र मला नाही, आणि न मिळाल्यास त्याचे स्पष्टीकरण देण्याचा तर मुळीच नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. येशूने त्याला, आधी तुझे एक काय ते ठरव, असे सांगितले नाही.

भावजयीला माझे हे सगळे म्हणणे पूर्णपणे मान्य नाही, हे सांगितले पाहिजे. तिच्या मते मी ईयोबाचे नाव घेत घेत अखेर त्याच्या मित्रांच्याच रांगेत जाऊन बसते, फक्त माझी भाषा अधिक गोड आहे. "ताई, तुम्ही देवाला जाब विचारणे फार लवकर सोडून देता," असे ती म्हणते. ती दर रविवारी उपासनेला येते, गायनात तिचा आवाज सर्वांत पुढे असतो, प्रभुभोजन घेते, आणि नवऱ्याबद्दलचा तिचा प्रश्न तिने आजवर मागे घेतलेला नाही. समोरासमोर भेट होईल तेव्हा तोच पहिला विचारणार, असे ती अगदी शांतपणे सांगते. तिच्या या आरोपावर माझ्याजवळ उत्तर नाही. स्तोत्रे संपल्यावर पुढे काय वाचायचे, हे ठरवण्याची पाळी तिची होती, आणि तिने ईयोबच निवडला. बेचाळीस अध्याय आहेत, आणि मित्रांची भाषणेही पूर्ण वाचायची, कंटाळा आला तरी एकही गाळायचे नाही, अशी तिची अट आहे.